डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती : एका वादाचा फेरविचार

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची चौथी आवृत्ती ६ जून २००८ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सहा वर्षांनी, २०१४ साली, पाचव्या आवृत्तीने तिची जागा घेतली. या सहा वर्षांत खेळणाऱ्यांमध्ये सरळ दोन तट पडले. वर्षानुवर्षे एकत्र बसणारे गट फुटले, जुन्या नियमांवर आधारलेला एक प्रतिस्पर्धी खेळ उभा राहिला आणि ‘चौथी’ हा शब्द अपयशाचे उदाहरण म्हणून वापरला जाऊ लागला. आज तो वाद निवला आहे आणि त्या आवृत्तीतून निघालेल्या कल्पना इतर खेळांत रुजलेल्या दिसतात. त्यामुळे तिचे मोल नव्याने ठरवता येते. नियमांची रचना म्हणून चौथी आवृत्ती धाडसी आणि बरीचशी यशस्वी होती. ती ज्या रीतीने लोकांपुढे आणली गेली, त्यात मात्र मोठ्या चुका होत्या, आणि त्या चुकांचा दोष अनेक वर्षे नियमांच्या माथी मारला गेला.

खेळाचे स्वरूप

हा भूमिका-खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राचे बळ, चपळता, बुद्धी वगैरे गुण आकड्यांत मांडून एका कागदावर लिहिलेले असतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या भुईकोट किल्ल्यात एखादा प्रसंग घडतो असे धरू. रात्रीची वेळ आहे, रुंद खंदकात पाणी आहे, दरवाजा बंद आहे आणि तटावर पहारा आहे. एक खेळाडू म्हणते, ‘मी खंदक पोहून जाते आणि तटाला दोर लावून चढते.’ सूत्रधार त्या कामाची अवघडपणाची पातळी ठरवतो, समजा १५. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकते आणि पडलेल्या दानात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवते. बेरीज १५ किंवा अधिक झाली तर ती तटावर पोहोचते. कमी पडली तर दोर सुटतो, आवाज होतो आणि पहारेकरी सावध होतो. गोष्ट तिथून पुढे चालते. या खेळात जिंकणे-हरणे नसते. तीच पात्रे आठवड्यामागून आठवडे पुढच्या मोहिमांवर जातात, अनुभव मिळवतात आणि पातळीपातळीने बलवान होत जातात.

आवृत्त्या का निघतात

कबड्डीत एके काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे वेगवेगळे प्रकार खेळले जात. बाद झालेला गडी पुन्हा आत येतो की बाहेरच राहतो, एवढ्या एका नियमाने सगळ्या खेळाचा स्वभाव पालटत असे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आवृत्त्यांचेही तसेच आहे. नाव तेच राहते. पण नियम बदलले की टेबलावरचा अनुभव बदलतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका घालून हा खेळ विकायला आणला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. छोट्या बाहुल्या मांडून लढाया खेळण्याच्या छंदातून तो जन्मला आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावच्या टीएसआर कंपनीने तो वाढवला. १९७७ ते १९७९ या काळात ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सची तीन मुख्य पुस्तके आली, १९८९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे टीएसआर आर्थिक अडचणीत सापडली. मॅजिक : द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळामुळे भरभराटीला आलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने १९९७ मध्ये ती विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सच हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपनीकडे गेली.

तिसरी आवृत्ती २००० साली आली. तिच्यासोबत कंपनीने ओपन गेम लायसन्स नावाचा परवाना जाहीर केला. नियमांचा गाभा कोणीही वापरावा, त्यावर स्वतःची पुस्तके काढावीत आणि विकावीत, अशी मुभा त्यात होती. शेकडो लहान प्रकाशक या मुभेवर उभे राहिले. २००३ मध्ये या आवृत्तीची सुधारित रूपे बाजारात आली. त्यांना साडेतीन असे म्हणतात. पुढे जो वाद झाला, त्याचे मूळ या परवान्यात आहे.

तिसऱ्या आवृत्तीची दुखणी

साडेतीन नियमावली लोकप्रिय होती, पण तिची दुखणी अनुभवी खेळाडूंना ठाऊक होती. पहिले दुखणे योद्धा आणि जादूगार यांच्यातल्या असमतोलाचे. सुरुवातीला जादूगार अगदी दुबळा असे. एखाददुसऱ्या घावात तो कोसळे. पातळी वाढत जाई तसतशी त्याच्या मंत्रांची संख्याही वाढे आणि प्रत्येक मंत्राचा जोरही. दहाव्या-बाराव्या पातळीपुढे तो उडे, अदृश्य होई, भिंती पार करी, प्राणी बोलावी. योद्ध्याच्या खेळाडूकडे तेव्हाही ‘मी तलवार मारतो’ एवढेच म्हणण्यासारखे असे. एकाच टेबलावर बसलेल्या दोघांपैकी एकाने गोष्ट घडवावी आणि दुसऱ्याने बघत राहावे, अशी वेळ येई.

दुसरे दुखणे विश्रांतीचे. मंत्र दिवसाकाठी मोजके असत. एका मोठ्या चकमकीत ते संपले की गट मोहीम थांबवून झोपायला जाई. जखमा भरून काढण्याचा भार पुरोहितावर पडे, म्हणून गटातल्या कोणाला तरी मनाविरुद्ध पुरोहित व्हावे लागे.

तिसरे दुखणे सूत्रधाराच्या कष्टांचे. वरच्या पातळीच्या एखाद्या राक्षसाची नोंद वाचायची तर त्याला येणाऱ्या डझनभर मंत्रांचे अर्थ दुसऱ्या पुस्तकात शोधावे लागत. तीन तासांच्या खेळासाठी सूत्रधाराच्या आठवड्यातल्या कितीतरी संध्याकाळी तयारीत जात.

चौथ्या आवृत्तीची रचना

रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट यांच्या चमूने ही दुखणी मुळापासून काढायचे ठरवले. प्रत्येक पेशाला, मग तो तलवारीचा असो वा मंत्राचा, त्यांनी एकाच चौकटीतल्या शक्ती दिल्या. काही शक्ती हव्या तितक्या वेळा वापरता येत, काही एका चकमकीत एकदा आणि काही दिवसातून एकदा. पुस्तकात त्यांना अनुक्रमे हिरवा, लाल आणि काळा रंग होता. पहिल्याच पातळीला योद्ध्याकडेही निवडीसाठी चार चाली असत. जादूगाराचे सगळे मंत्र संपले असे कधी होत नसे, कारण साधे मंत्र तो प्रत्येक फेरीत टाकू शके.

प्रत्येक पेशाची गटातली जबाबदारी उघडपणे नोंदवली गेली. शत्रूला अडवणारा रक्षक, वर्मी घाव घालणारा हल्लेखोर, साथीदारांना उभारी देणारा नेता आणि रणांगणाची मांडणी बदलणारा नियंत्रक अशा चार भूमिका ठरल्या. पहिल्या पुस्तकात आठ पेशे होते. त्यांतला वॉरलॉर्ड, म्हणजे सेनानी, हा नवा नेता होता. तो मंत्राशिवाय, केवळ हाकेने आणि हुकमाने साथीदारांना बळ देई. त्यामुळे पुरोहितावाचून गट अडून बसण्याची वेळ टळली.

जखमांचा हिशेबही बदलला. हिट पॉइंट्स म्हणजे पात्र किती मार सोसू शकते त्याचा आकडा. चौथ्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या योद्ध्याला पंधरा अधिक त्याच्या काटकपणाचा आकडा इतके गुण मिळत. काटकपणा १४ असेल तर २९. शिवाय प्रत्येक पात्राला दिवसासाठी ठरावीक हीलिंग सर्ज असत. एक सर्ज खर्च केला की एकूण गुणांचा चौथा भाग भरून येई. चकमकीत एकदा कोणीही स्वबळावर सावरू शके. म्हणून दिवस किती लांबवायचा हे आता सगळ्या गटाच्या दमावर ठरू लागले.

सूत्रधाराला सर्वांत मोठा दिलासा मिळाला. राक्षसाची सगळी माहिती एका चौकटीत आली. दुसरे पुस्तक उघडण्याची गरज उरली नाही. राक्षसांचेही प्रकार पडले : दांडगा, शिपाई, तिरंदाज, दबा धरणारा, चपळ आणि नियंत्रक. चकमक किती अवघड करायची याचा हिशेब साधा होता. पहिल्या पातळीच्या पाच पात्रांसाठी पाचशे गुणांचा खर्च करायचा. साधा राक्षस शंभर गुणांचा, म्हणून पाच साधे राक्षस पुरतात. त्यांऐवजी पाचांच्या तोडीचा एकच बलाढ्य राक्षस घेता येतो. मिनियन नावाचे किरकोळ शत्रू एका घावात पडतात, म्हणून ते प्रत्येकी पंचवीस गुणांचे. तसे वीस घेतले की झुंड उभी राहते. नवशिक्या सूत्रधारालाही दहा मिनिटांत तोलाची लढाई मांडता येई.

कंधारच्या दरवाजावर एक चकमक

हे नियम प्रत्यक्षात कसे चालतात ते कंधारच्याच प्रसंगावरून स्पष्ट होते. खंदकावरच्या वाटेवर गटाची पहारेकऱ्यांशी गाठ पडते. टेबलावर चौकटींचा नकाशा पसरलेला असतो. प्रत्येक चौकट पाच फुटांची. योद्धी ढाल पुढे करून पहिल्या पहारेकऱ्यावर वार करते. तिची चाल अशी आहे की घाव लागला तर शत्रू एक चौकट मागे ढकलला जातो. मागे खंदक आहे. पहारेकऱ्याच्या वतीने सूत्रधार फासा टाकतो. दहा किंवा अधिक पडले तर तो काठावरच आडवा होऊन वाचतो, नाहीतर थेट पाण्यात जातो.

उरलेल्या पहारेकऱ्यांपैकी एकाला योद्धीने ‘मार्क’ केले आहे. तिला सोडून त्याने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याच्या दानातून दोन वजा होतात आणि तिला आयता वार करायला मिळतो. म्हणजे ती खरोखरच वाट अडवून उभी राहू शकते. तोवर चोर पहारेकऱ्याच्या पाठीमागे जातो आणि समोर योद्धी असल्यामुळे त्याला वर्मी घावाची संधी मिळते. जादूगार तीन बाय तीन चौकटींत आगीचा लोळ टाकते आणि धावत आलेली किरकोळ शिपायांची रांग एका फटक्यात कोसळते. सेनानी ओरडून हुकूम देतो, आणि त्याच्या पाळीत योद्धी आणखी एक वार करते.

या चकमकीत प्रत्येकाला काम आहे आणि प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून आहे. जागा, अंतर, भिंत, काठ या सगळ्यांना अर्थ आहे. चौथ्या आवृत्तीचे खरे बलस्थान ते हेच. गटाने मिळून लढण्याचा आनंद आधीच्या कोणत्याही आवृत्तीने इतक्या नेमकेपणाने नियमांत बांधला नव्हता.

लढाईविना प्रसंग सोडवण्यासाठी स्किल चॅलेंज ही रचना होती. किल्ल्यात गुपचूप शिरायचे असेल तर गटाला तीन अपयशांच्या आत ठरावीक यश मिळवायचे. एकजण पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतो, दुसरी पाण्यातली वाट शोधते, तिसऱ्याला जुन्या बांधकामाच्या माहितीवरून चोरवाटेचा अंदाज येतो, चौथा अंधारातून सरकतो. प्रत्येक यशाने वाट मोकळी होत जाते आणि प्रत्येक अपयशाने संशय वाढतो. एका फाशावर सगळे ठरवण्यापेक्षा ही कल्पना कितीतरी समृद्ध होती. मात्र सुरुवातीच्या पुस्तकांत तिचे गणित चुकले होते. जुलै २००८ मध्येच कंपनीला ते दुरुस्त करावे लागले.

विरोधाची कारणे

विरोधाचे पहिले कारण परंपरेचे होते. एकाच वेळी फार गोष्टी बदलल्या. बार्ड, ड्रुइड, बार्बेरियन आणि सॉर्सरर हे जुने पेशे पहिल्या पुस्तकातून वगळले गेले आणि २००९ च्या दुसऱ्या पुस्तकात परतले. मंकला तर २०१० उजाडले. पात्राच्या नीतिमत्तेचे नऊ प्रकार पाचांवर आले. देवलोक आणि पाताळांची जुनी रचना मोडली. फरगॉटन रेल्म्स या लाडक्या काल्पनिक जगाची कथा मोठ्या उत्पातानंतर सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलली गेली, त्यामुळे वाचकांच्या ओळखीची कितीतरी पात्रे आणि ठिकाणे नाहीशी झाली. वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी त्या जगावर माया केली, त्यांचे दुःख खरे होते.

दुसरे कारण पुस्तकाच्या रूपाचे. भूमिका-खेळाची पुस्तके खेळण्याइतकीच वाचण्यासाठीही घेतली जातात. चौथ्या आवृत्तीत पानामागून पान रंगीत चौकटी होत्या आणि प्रत्येकीत आकडे व अटी. वाचताना सगळे पेशे सारखेच वाटत. खेळताना मात्र रक्षक आणि नियंत्रक यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक जाणवे. ज्यांनी पुस्तक वाचून मत बनवले आणि ज्यांनी खेळून बनवले, त्यांची मते म्हणूनच इतकी वेगळी निघाली.

तिसरे कारण ऑनलाइन खेळांशी तुलनेचे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला होता आणि अडवणारा, बरे करणारा, मारणारा अशी वाटणी तिथे रूढ होती. चौथी आवृत्ती त्याची नक्कल आहे, असा आरोप सर्रास झाला. योद्धा पुढे, पुरोहित मागे, जादूगार दुरून ही वाटणी मुळात १९७४ च्या खेळातलीच होती आणि संगणकीय खेळांनी ती तिथूनच उचलली होती. चौथ्या आवृत्तीने ती लपवून ठेवली नाही, एवढेच.

चौथा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. जादूगार दिवसातून एकदाच एखादा मंत्र टाकू शकतो, हे जादूचे लक्षण म्हणून पटते. योद्ध्याला तलवारीची एखादी चाल दिवसातून एकदाच का जमावी? सेनानीच्या ओरडण्याने जखम कशी भरते? खेळाडूचा निर्णय आणि पात्राचे मन यांच्यातला दुवा इथे तुटतो, असे टीकाकार म्हणत. याचे उत्तर नियमांत होते. हिट पॉइंट्स म्हणजे निव्वळ रक्तमांस नव्हे, त्यात नशीब, कौशल्य आणि जिद्दही मोजली जाते, हे गायगॅक्सने १९७९ च्या पुस्तकातच मांडले होते. दिवसातून एकदा येणारी चाल म्हणजे कथेत ती संधी नेमकी केव्हा आली हे ठरवण्याचा खेळाडूचा हक्क. पण हे उत्तर पुस्तकाने ठळकपणे समजावले नाही आणि ज्याला पात्राच्या डोळ्यांतूनच जग पाहायचे असते, त्याचे समाधान त्याने पूर्णपणे होतही नाही. ही आवडीनिवडीची खरीखुरी दुफळी होती.

पाचवे कारण व्यवहाराचे आणि सर्वांत घातक. चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने खुला परवाना गुंडाळून गेम सिस्टिम लायसन्स नावाचा नवा करार आणला. त्याच्या अटी जाचक होत्या. एखादी पुस्तकमाला नव्या परवान्याखाली आणली की तीच जुन्या परवान्याखाली काढता येणार नाही, अशी अटही मूळ मसुद्यात होती. २००९ मध्ये ती सैल झाली, पण तोवर प्रकाशक दुरावले होते. पायझो ही कंपनी विझर्ड्सच्या परवानगीने ड्रॅगन आणि डंजन ही दोन नियतकालिके काढत असे. ती परवानगी २००७ मध्ये संपवली गेली. पायझोने तिसऱ्या आवृत्तीच्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन जुनेच नियम सुधारले आणि खेळाडूंकडून उघडपणे तपासून घेतले. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी ते पाथफाइंडर नावाने प्रसिद्ध केले. नाराज खेळाडूंना हक्काचे घर मिळाले. २०११ पर्यंत अमेरिकन दुकानांतल्या विक्रीच्या एका प्रसिद्ध क्रमवारीत पाथफाइंडर पहिल्या स्थानावर होते.

खऱ्या उणिवा

विरोधाचा बराच भाग गैरसमजातून आला असला, तरी नियमांत दोष होतेच. लढाया फार लांबत. राक्षसांचे हिट पॉइंट्स जास्त आणि त्यांचा मारा कमी, त्यामुळे निकाल स्पष्ट झाल्यावरही घाव घालत बसावे लागे. एका चकमकीला तासभर लागणे नेहमीचे होते. कोणावर कोणता परिणाम किती फेऱ्या चालू आहे, हे लक्षात ठेवणे जिकिरीचे होई. वरच्या पातळ्यांवर पात्राकडे इतक्या शक्ती आणि जादूच्या वस्तू जमत की कागद अपुरा पडे. शक्तींची संख्या पुस्तकागणिक फुगत गेली आणि दुरुस्तीपत्रकेही. पात्र तयार करण्याचे संगणकीय साधन उपयोगी होते, पण त्यासाठी वर्गणी भरावी लागे. आणि इंटरनेटवर एकत्र खेळण्याचे जे टेबल कंपनीने कबूल केले होते ते वेळेवर आलेच नाही. आवृत्तीची ओळख करून देणारी पहिली मोहीम, कीप ऑन द शॅडोफेल, एकामागून एक चकमकींनी भरलेली होती. त्यामुळे या आवृत्तीत लढाईपलीकडे काही नाही, हा समज पक्का झाला.

यांतल्या काही उणिवा चमूने स्वतः सुधारल्या. २०१० च्या मध्यात आलेल्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकात, राक्षसांचा मारा वाढवला आणि बलाढ्य राक्षस अधिक धोकादायक केले. लढाया छोट्या आणि जीवघेण्या झाल्या. चौथी आवृत्ती आजही खेळणारे गट बहुधा याच पुस्तकाचे गणित वापरतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इसेन्शियल्स ही सोपी पुस्तकमाला आली. तिच्यात योद्ध्याच्या दिवसातून एकदा येणाऱ्या चाली काढून टाकल्या होत्या. जुन्या विरोधकांना ती परत आणू शकली नाही आणि चौथ्या आवृत्तीच्या चाहत्यांना ती माघार वाटली. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीची घोषणा केली.

काय टिकले

पाचवी आवृत्ती वरवर पाहता चौथीला पुसून टाकणारी होती. चौकटी गेल्या, रंग गेले, जुने पेशे आणि जुनी जगे परत आली. बारकाईने पाहिले तर चौथीचे कितीतरी विचार तिच्यात दिसतात. जादूगाराने हवे तितक्या वेळा टाकायचे साधे मंत्र, छोटी विश्रांती, स्वतःच्या दमावर जखमा भरणे, सावकाश करायचे विधी, मोठ्या राक्षसाने इतरांच्या पाळीनंतर हालचाल करणे या सगळ्यांची मुळे चौथ्या आवृत्तीत आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकांत तर निम्मे किंवा त्याहून कमी हिट पॉइंट्स उरलेल्या अवस्थेसाठीचा ‘ब्लडीड’ हा शब्दही परतला आणि शस्त्र चालवणाऱ्यांना शत्रूला ढकलण्या-पाडण्यासारख्या खास चाली मिळाल्या.

बाहेरही तिचा प्रभाव पसरला. रॉब हाइन्सूने तिसऱ्या आवृत्तीच्या जोनाथन ट्वीटसोबत २०१३ मध्ये थर्टीन्थ एज हा खेळ काढला. दोन परस्परविरोधी मानल्या गेलेल्या आवृत्त्यांचे रचनाकार एका टेबलावर बसले होते. २०१९ मधला लॅन्सर हा महाकाय यंत्रयोद्ध्यांचा खेळ चौकटींवरच्या डावपेचांत चौथीचा वारसा उघडपणे सांगतो. चौथीला विरोध करून वाढलेल्या पाथफाइंडरची दुसरी आवृत्तीही २०१९ मध्ये आली. चकमकीचा नेमका हिशेब, सर्व पेशांतला समतोल आणि राक्षसांच्या आटोपशीर नोंदी यांबाबतीत तीही त्याच दिशेने गेलेली दिसते. प्रत्येक खेळाडूच्या हाती काहीतरी करण्याजोगे असले पाहिजे आणि सूत्रधाराचे श्रम कमी झाले पाहिजेत, ही अपेक्षा आज गृहीत धरली जाते. ती गृहीत धरण्याजोगी केली चौथ्या आवृत्तीने.

मराठी टेबलासाठी

चौथ्या आवृत्तीतली एक कल्पना मराठवाड्याच्या भूगोलाला चपखल बसते. तिच्या जगाचे सूत्र होते ‘अंधारातले प्रकाशाचे ठिपके’. साम्राज्ये कोसळली आहेत, मधला मुलूख धोक्याचा आहे आणि दूरदूर विखुरलेल्या वस्त्यांतच माणसे सुरक्षित आहेत. पुस्तकांत नेन्टिर व्हेल नावाचे असे एक खोरे दिले होते. त्याची थोडीच माहिती देऊन बाकीची जागा सूत्रधारासाठी मोकळी सोडली होती. कंधार, उदगीर आणि औसा हे तीन भुईकोट, माहूरचा डोंगरी किल्ला आणि खरोशाची लेणी नकाशावर मांडली की असे खोरे आपोआप तयार होते. राष्ट्रकूटांच्या काळाशी नाते सांगणारे कंधार हे पडलेल्या साम्राज्याची राजधानी होऊ शकते, उदगीर सीमेवरचे ठाणे, खरोसा विसरलेल्या ज्ञानाचे भांडार. मन्याड आणि मांजरेच्या काठाने जाणाऱ्या वाटा मोहिमांसाठी मोकळ्या आहेत. नांदेड-लातूरच्या मुलांना ड्रॅगनपेक्षा ही ठिकाणे जवळची आहेत आणि खेळाच्या निमित्ताने त्यांचा इतिहास वाचला जाईल, हा लाभ लहान नाही.

नियम मराठीत आणायचे तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि इथे चौथ्या आवृत्तीचा जुना दोष पुन्हा आडवा येतो. तिचे नियम खुले नाहीत. त्यांचा अनुवाद करून प्रसिद्ध करता येत नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा मात्र २७ जानेवारी २०२३ रोजी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. जुना खुला परवाना बदलण्याचा कंपनीचा बेत उघड झाल्यावर खेळाडूंनी जोरदार विरोध केला, त्यातून ही मुक्तता घडली. श्रेयनिर्देश केला की त्या मजकुराचा कोणीही कोणत्याही भाषेत अनुवाद करू शकतो आणि विकूही शकतो. खेळाच्या रचनेमागच्या कल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात. म्हणून खुल्या गाभ्यावर मराठी नियमावली रचताना चौथीपासून शिकलेले धडे तिच्यात निःसंकोच घेता येतील : एका चौकटीत मावणारे राक्षस, एका घावात पडणारी झुंड, गुणांत मोजलेली चकमक आणि यशापयश मोजत पुढे जाणारा बिनलढाईचा प्रसंग.

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत पहिल्यांदा सूत्रधार होणाऱ्या मुलामुलींना याचा सर्वाधिक उपयोग आहे. वीस वर्षांचा अनुभव गाठीशी नसताना, वेळ आणि पैसा बेताचा असताना, संध्याकाळच्या दोन तासांत पाच जणांना समान वाटा देणारा खेळ मांडायचा, तर नियमांनीच हात धरायला हवा. चौथ्या आवृत्तीने तो धरला होता. परंपरेशी फटकून वागणे, सहकारी प्रकाशकांना दूर लोटणे आणि स्वतःची बाजू नीट न मांडणे या तिच्या चुका होत्या, आणि त्यांची किंमत तिने मोजली. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कर्तृत्वाची सारखी संधी मिळावी, हा तिचा मूळ आग्रह योग्य होता. तिचे मूल्यमापन आता त्या आग्रहावरून व्हावे.